स्कायडायव्हिंग शिकायचंय? पॅकेजचा रेट नंतर बघा, आधी रजा मोजा

स्कायडायव्हिंग शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एकूण किती लागतात?" आणि मग चार ठिकाणचे रेट काढायचे, त्यातलं सगळ्यात स्वस्त बघायचं आणि बुक करून मोकळं व्हायचं, अशी सगळ्यांची घाई. जरा थांबा. रेटकार्डावर जो आकडा असतो ना, तो सगळं पहिल्या झटक्यात जमलं तर लागणारा आकडा असतो, आणि या खेळात सगळं जमणं हे तुमच्यापेक्षा वाऱ्याच्या, ढगांच्या आणि विमानाच्या हातात जास्त असतं. आपल्यासारखा माणूस, म्हणजे ऑफिसातून दोन-तीन आठवड्यांची रजा मागून, व्हिसा-तिकीट करून परदेशात शिकायला जाणारा, त्याचा खरा हिशोब दिवसांचा असतो. रोज किती उड्या मिळतात यावर सगळं गणित बसतं नाहीतर फिसकटतं.

आधी एक गोंधळ मिटवू. कामशेतला किंवा पाचगणीला करतात ते पॅराग्लायडिंग. तिथे डोंगराच्या उतारावर पंख आधीच उघडून, पळत जाऊन हवेत जायचं असतं, विमानाचा काही संबंध नाही. स्कायडायव्हिंगमध्ये बंद पॅराशूट पाठीवर घेऊन विमानातून बाहेर पडायचं, काही वेळ नुसतं खाली पडत राहायचं आणि मग ते उघडायचं. दोन्ही मस्त आहेत, पण खेळ वेगळा, शिकणं वेगळं, लायसन्सही वेगळं. "कामशेतला कोर्स केलाय, आता स्कायडायव्हिंगला थोडंच राहिलं असेल" असं कोणी म्हणत असेल तर त्याला प्रेमाने समजवा.

आता शिकण्याचे रस्ते. टँडम म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बांधून घेऊन उडी मारणं. अर्धा-पाऊण तास समजावतात, १० ते १३ हजार फुटांवरून बाहेर पडता, पाऊणेक मिनिट ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येता, मग पॅराशूट उघडतं आणि पाच-सहा मिनिटांत जमिनीवर. भारतात हे हरियाणात नारनौलजवळ बाछोदच्या धावपट्टीवर होतं, पस्तीस हजारांच्या घरात बजेट धरा, व्हिडिओचं वेगळं आहे का ते आधीच विचारून घ्या. अमेरिकेत साधारण २०० ते ३५० डॉलर. पण टँडममध्ये तुम्ही प्रवासी असता. बाईकवर मागं बसून महाबळेश्वरला जाऊन आलं म्हणून गाडी चालवता येत नाही, तसंच हे. मात्र शिकायला जायच्या आधी एक टँडम जरूर करा, कारण दार उघडल्यावर आपलं डोकं चालतं की बंद पडतं हे घरी सोफ्यावर बसून कळत नाही. तीन-चार लाख घालायच्या आधी पस्तीस हजारांत कळलं तर वाईट काय.

दुसरा रस्ता स्टॅटिक लाइन. यात पॅराशूटला जोडलेला पट्टा विमानात अडकवलेला असतो, तुम्ही बाहेर पडलात की तो ओढला जाऊन पॅराशूट आपोआप उघडतं. आपले पॅरा जवान आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये याच पद्धतीने शिकतात. सिव्हिलियन शिकणाऱ्यांना साधारण ३,५०० फुटांवरून सोडतात. एकेक उडी स्वस्त पडते, पण फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडेपर्यंतचं नुसतं पडणं, पायरीपायरीने वाढवत न्यावा लागतो म्हणून वेळ जास्त लागतो.

तिसरा आणि आता बहुतेक सगळीकडे चालणारा रस्ता म्हणजे एएफएफ, ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही पद्धत आली. पहिल्याच उडीला तुमच्या पाठीवर तुमचं स्वतःचं पॅराशूट, आणि दोन्ही बाजूंनी दोन इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून तुमच्याबरोबर पडतात. पॅराशूट तुम्ही उघडायचं, उतरायचंही तुम्हीच. आता पुढे जे काही लिहितोय ते एएफएफ धरूनच.

पहिल्या उडीत नेमकं काय होतं

हे जरा सविस्तर सांगतो कारण खर्च कुठे वाढतो ते इथेच कळतं.

पहिला दिवस अख्खा जमिनीवर जातो, सहा ते आठ तास. पोटावर झोपून कमान करायची, कंबर खाली ढकलायची, हनुवटी वर, पाय थोडे वाकवून मागे. मग विमानाच्या दाराची नक्कल केलेल्या चौकटीत उभं राहून बाहेर पडायची प्रॅक्टिस: आतल्या इन्स्ट्रक्टरकडे बघून "चेक इन", बाहेरच्याकडे बघून "चेक आउट", आणि मग "अप, डाउन, आर्च". हे इतक्या वेळा करून घेतात की रात्री झोपेतही येतं. त्यानंतर छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकवतात आणि वर बिघडलेल्या पॅराशूटचे फोटो दाखवतात. वेडंवाकडं, गुंतलेलं, अर्धंच उघडलेलं. प्रत्येक फोटोला उत्तर द्यायचं, हे चालवता येईल की कापून टाकायचं. कापायचं असेल तर उजवीकडचं लाल हँडल बघा, पकडा, डावीकडचं चंदेरी हँडल बघा, मग लाल ओढा, मग चंदेरी. लाल ओढलं की बिघडलेलं मुख्य पॅराशूट सुटून जातं आणि चंदेरी ओढलं की रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडतं. हा निर्णय शिकाऊ माणसाने २,५०० फुटांच्या वर असतानाच घ्यायचा असतो, खाली येऊन विचार करत बसायला वेळ नसतो.

प्रत्यक्ष उडी साधारण १३ हजार फुटांवरून. बाहेर पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत मेंदूला काहीच कळत नाही, आवाज प्रचंड, आणि तेवढ्यात इन्स्ट्रक्टरचा हात डोळ्यांसमोर येतो. दोन बोटं सरळ केली की पाय लांब कर. अंगठा खाली केला की कंबर ढकल. हात सैल हलवला की रिलॅक्स हो बाबा. समोर क्षितिज बघायचं, मनगटावरचं उंची दाखवणारं आल्टिमीटर वाचायचं, मग पॅराशूटच्या हँडलला हात लावून परत आणायचा, असं तीनदा, म्हणजे खरोखर ओढायची वेळ येईल तेव्हा हात बरोबर जागी जाईल. ५,५०० फुटांना दोन्ही हात डोक्यावर हलवून खूण करायची आणि पाठीमागे उजव्या बाजूला खाली असलेलं हँडल ओढून फेकायचं. त्याला जोडलेलं छोटं पायलट शूट हवेत पकडलं जातं आणि ते मोठ्याला बाहेर काढतं. त्यानंतर सगळं एकदम शांत, कानात हेल्मेटमधला रेडिओ, खालून कोणीतरी सांगतंय डावीकडे वळ, सरळ ये, आता फ्लेअर, म्हणजे दोन्ही ब्रेक एकदम खाली.

असे सात लेव्हल असतात. पहिल्या तिनात दोन इन्स्ट्रक्टर, पुढे एकच, मग वळणं, कोलांटी, इन्स्ट्रक्टरने न धरता बाहेर पडणं. प्रत्येक लेव्हलला ठरलेली कामं असतात आणि ती त्या उडीत झाली नाहीत तर लेव्हल रिपीट. रिपीट म्हणजे परत पैसे. एखादा लेव्हल रिपीट होणं अगदी कॉमन आहे, लाजायचं काही कारण नाही, पण बजेटमध्ये दोन रिपीट आधीच धरा. आणि सात लेव्हल झाले म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही हां! अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचं, म्हणजे यूएसपीएचं, ए लायसन्स घ्यायला किमान २५ उड्या लागतात, शिवाय कोचबरोबरच्या उड्या, कमी उंचीवरून बाहेर पडायची उडी, पॅकिंग, लेखी आणि तोंडी परीक्षा. पुढे बी ला ५०, सी ला २०० आणि डी ला ५००. ब्रिटनमध्ये ए लायसन्स १८ उड्यांत होतं, आठ लेव्हल आणि वर दहा सरावाच्या. कागदावर ते कमी दिसतं, पण ब्रिटनचं आकाश माहितीये ना, तिथले लोक स्वतःच शिकायला स्पेनला पळतात.

पैशाचं

अमेरिकेचा हिशोब सांगतो कारण तिथे सगळं सुटं सुटं लिहिलेलं असतं. जमिनीवरचा कोर्स आणि पहिली उडी मिळून ३०० ते ४५० डॉलर. पुढचे लेव्हल प्रत्येकी २०० ते २७० च्या आसपास, कारण इन्स्ट्रक्टरची सीट आणि मजुरी त्यात असते. सात झाल्यावर उरलेल्या अठरा उड्यांसाठी विमानाचं तिकीट तीसेक डॉलर, पॅराशूटचं भाडं तेवढंच, कोणी पॅक करून दिलं तर आठ-दहा डॉलर, आणि कोच असेल तर त्याच्या सीटचे आणि फीचे वेगळे. सगळं धरून ए लायसन्सपर्यंत ३,००० ते ४,५०० डॉलर, म्हणजे डॉलर ८५-९० धरला तर अडीच ते चार लाख रुपये. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, गाडी याच्यात नाही.

पॅकिंग लवकर शिका, हा माझा आग्रह आहे. एकतर ते लायसन्सला लागतंच, दुसरं म्हणजे ढग आहेत म्हणून बसून राहिलेल्या दिवशी हेच करता येतं, आणि उडीमागे दहा डॉलर वाचले तर पंधरा उड्यांत दीडशे झाले. हां, सुरुवातीला एक पॅराशूट पिशवीत कोंबायला तुम्हाला तासभर लागेल, ते नायलॉन इतकं निसरडं असतं की एका बाजूने दाबलं की दुसरीकडून बाहेर येतं, गुडघ्याने दाबून धरायचं, घाम फुटतो, आणि शेजारी ड्रॉपझोनचा, म्हणजे जिथे उड्या मारतात त्या जागेचा, पॅकर गाणी ऐकत दहा मिनिटांत एक या वेगाने उरकत असतो. रिझर्व्हला मात्र हात लावायचा नाही, ते सर्टिफाइड रिगरच पॅक करतो, अमेरिकेत १८० दिवसांच्या आत परत करून घ्यावंच लागतं.

स्वतःचं गिअर घ्यायची घाई नको. नवीन पूर्ण रिग, म्हणजे दोन्ही पॅराशूटं आणि हार्नेससकट पाठीवरचा सगळा संच, आठ-दहा हजार डॉलरला जाते, जुनी चांगली तीन ते पाच हजारांत मिळते. शिकताना मोठं, सावकाश उतरणारं पॅराशूट लागतं आणि लायसन्सनंतर थोडं लहान चालतं, त्यामुळे आधी विकत घेतलं तर पुढे अडचण होते. विकत घेतलीच तर त्यातल्या एएडीची उरलेली वर्षं बघा. एएडी म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही आणि ठरलेल्या उंचीखाली अजून वेगात पडत असाल तर रिझर्व्ह आपोआप उघडणारं छोटं यंत्र. सायप्रेस नावाचं जर्मन एएडी १९९१ मध्ये बाजारात आलं आणि तेव्हापासून किती जीव वाचले असतील. त्याला वयोमर्यादा असते, संपत आलेलं असेल तर स्वस्त रिग महाग पडते.

स्वस्त ड्रॉपझोन महाग कसा पडतो

आता मुद्द्यावर. समजा दोन जागा आहेत, पहिल्या जागेचं पॅकेज दुसरीपेक्षा ४०० डॉलरने स्वस्त. पहिल्या जागेकडे एकच छोटं सेसना १८२ विमान आहे. त्यात पायलट सोडून चार माणसं बसतात, एएफएफच्या सुरुवातीला त्यातल्या तीन सीट तुम्ही आणि तुमचे दोन इन्स्ट्रक्टरच खाता, वर जायला पंचवीस-तीस मिनिटं, आणि ते बरेचदा दहा हजार फुटांपर्यंतच नेतात. दुसरीकडे ट्विन ऑटर आहे, वीस-बावीस लोक एकदम, पंधरा-वीस मिनिटांत साडेतेरा हजार फूट.

फरक नुसता आरामाचा नाही. पडताना पहिले हजार फूट जायला दहा सेकंद लागतात आणि पुढचे प्रत्येक हजार साडेपाच सेकंदांत. दहा हजारांवरून ५,५०० पर्यंत तुम्हाला तीसेक सेकंद मिळतात, साडेतेरा हजारांवरून जवळजवळ ४८. लेव्हलची कामं तीच, वेळ दीडपट. तीस सेकंदांत घाबरलेल्या माणसाची सगळी कामं होत नाहीत, मग रिपीट, मग परत पैसे, परत एक दिवस. शिवाय सेसना दिवसातून एखादी-दोनच उडी तुमच्या वाट्याला देईल, कारण शनिवार-रविवारी टँडमवाले गिऱ्हाईक आधी जातं, आणि का नाही जाणार, ड्रॉपझोनची चूल त्यांच्यावरच पेटते. एक रिकामा दिवस म्हणजे खोली, जेवण, गाडी मिळून ८०-१०० डॉलर. चार दिवस असेच गेले की ४०० डॉलर वाचवल्याचा आनंद संपला, आणि रजेचे चार दिवस गेले ते वेगळेच.

त्यातून हवामान. यूएसपीएच्या नियमात शिकाऊ सोलो उडीला वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल आहे, म्हणजे २२ किलोमीटर. लायसन्सवाले मजेत उड्या मारत असतात आणि तुम्ही वाऱ्याच्या फिरकीकडे बघत बसलेले असता, हे रोजचं दृश्य आहे. म्हणून तिथे सरासरी किती दिवस ऊन असतं हे विचारून फायदा नाही. प्रश्न असा विचारा की मी येणार त्या महिन्यात शिकाऊ लोकांना दिवसाला सरासरी किती उड्या मिळतात, आणि आठवड्यातून किती दिवस चालू असता. बरेच छोटे ड्रॉपझोन फक्त शनिवार-रविवार चालू असतात, हे बुकिंग करताना कोणी सांगत नाही.

दिवसाला दोन ते तीन उड्या धरा. वेळ असला तरी चौथ्या उडीला डोकं थकलेलं असतं, शिकलेलं डोक्यात राहत नाही. या हिशोबाने उत्तम हवामानात २५ उड्यांना दहा-बारा दिवस, त्यावर खराब हवामानाचे आणि थकव्याचे धरले तर तीन आठवडे. दोनच आठवडे असतील तर सात लेव्हल पूर्ण करायचं ध्येय ठेवा आणि बाकीचं बोनस समजा.

अर्धवट सोडून आलात तर काय? यूएसपीएच्या पद्धतीत शिकाऊ माणसाने तीस दिवस उडी मारली नाही की त्याला परत ट्रेनिंग आणि इन्स्ट्रक्टरबरोबर उडी घ्यावी लागते. लायसन्स मिळाल्यावरही ए लायसन्सवाल्याला साठ दिवसांची मर्यादा आहे. चार लेव्हल करून पुण्याला आलात आणि पुढच्या दिवाळीला परत गेलात तर बऱ्याच गोष्टी पहिल्यापासून. त्यामुळे एकाच खेपेत जितकं होईल तितकं.

मग जायचं कुठे

अमेरिकेत ॲरिझोनाचं इलॉय हे नाव सगळ्यात आधी येतं, फिनिक्स आणि टुसॉनच्या मधलं वाळवंट, विमानं भरपूर, ऊनही भरपूर. उन्हाळ्यात मात्र चाळीसच्या वर पारा जातो, काळा जंपसूट घालून उन्हात उभं राहायची तयारी ठेवा, नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. कॅलिफोर्नियात पेरिसला ड्रॉपझोनवरच विंड टनेल, म्हणजे हवेच्या झोतावर तरंगून सराव करायची जागा, आहे, जवळच एल्सिनोर. फ्लोरिडात डीलँड, तिथे उन्हाळ्यात दुपारी ढगांचा गडगडाट ठरलेला, त्यामुळे थंडीत जावं. डीलँडची आणखी एक गंमत म्हणजे पॅराशूटच्या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या त्या गावाच्या आसपास आहेत. सगळीकडे बंकहाऊस किंवा तंबूची सोय स्वस्तात मिळते, पण ड्रॉपझोन गावाबाहेर असतात, गाडी लागतेच, आणि शाकाहारी असाल तर कुकर नेणं हा विनोद नाही.

युरोपात स्पेन. एम्पुरियाब्रावा समुद्राकाठी आहे, फोटो अप्रतिम येतात, पण तिथे उत्तरेकडून त्रामुन्ताना नावाचा वारा सुटतो आणि सुटला की दोन-तीन दिवस हलत नाही, शिकाऊ लोक कॅफेत. सेव्हिलच्या बाजूचं हवामान त्या मानाने शांत. पोर्तुगालचं अल्गार्व्हही चांगलं आहे. एएफएफचे सात लेव्हल दीड-दोन हजार युरोच्या घरात होतात.

आपल्याला जवळचं म्हणजे थायलंड आणि दुबई. पट्टायाजवळच्या ड्रॉपझोनवर यूएसपीएच्या पद्धतीने शिकवतात, विमानाचं तिकीट स्वस्त, जेवणाचे हाल नाहीत, नोव्हेंबर ते मार्च हवामान बरं. दुबईचं पाम टापूवरचं टँडम सगळ्या रील्समध्ये दिसतं, ते महागच आहे, दोन हजार दिरहमच्या वर. शिकणं तिथे वाळवंटातल्या दुसऱ्या जागी होतं आणि उन्हाळ्यात तिकडे जायचा विचारही करू नका. माझं मत विचाराल तर तीन आठवडे सलग मिळत असतील आणि व्हिसा असेल तर अमेरिका, व्हिसा नसेल किंवा दहा-बारा दिवसच असतील तर थायलंड. न्यू जर्सी, लंडन किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींचं गणित उलटं आहे, तुम्ही जवळचा ड्रॉपझोन पकडा, फक्त एएफएफचे सात लेव्हल एखाद्या उन्हाच्या जागी आठवडाभर जाऊन करून या आणि उरलेल्या उड्या घराजवळ वीकेंडला.

बुकिंग करताना एक सावधगिरी. अमेरिकेत स्वतःचा ड्रॉपझोन नसलेल्या, नुसती व्हाउचर विकणाऱ्या वेबसाइट आहेत. तुमच्या शहराच्या नावाने जाहिरात येते, पैसे भरता आणि मग कळतं की जागा दोन-तीन तासांवर आहे. ड्रॉपझोनच्या स्वतःच्या नंबरवर फोन करा. तो यूएसपीएचा ग्रुप मेंबर आहे का विचारा, कारण तिथे ते सदस्यत्व ऐच्छिक आहे, सरकार सगळ्यांना सक्ती करत नाही. इन्स्ट्रक्टरचं एएफएफ रेटिंग चालू आहे का, रिपीटचे किती, हवामानामुळे उडी झाली नाही तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या. अख्खं पॅकेज आगाऊ भरलं तर दहा टक्के सूट असं कोणी म्हणालं तर परताव्याची अट वाचल्याशिवाय कार्ड काढू नका. शक्य तिथे उडीगणिक पैसे द्या.

धोका किती

आहे. पण लोकांना वाटतो तिथे नाही. यूएसपीएच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० मृत्यू. १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं जायची, उड्या कितीतरी कमी असताना. गिअर सुधारलं, एएडी आलं, ट्रेनिंग सुधारलं. आणि आताच्या अपघातांतले बरेचसे "पॅराशूट उघडलंच नाही" असे नसतात, व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ उशिरा वळण घेतल्याने किंवा अनुभवापेक्षा लहान, वेगवान पॅराशूट वापरल्याने होतात. म्हणून शिकवणारा लँडिंगवर किती वेळ घालवतो ते बघा. उतरल्यावर प्रत्येक वेळी लँडिंगबद्दल बोलणारा, व्हिडिओ दाखवणारा इन्स्ट्रक्टर मिळाला तर त्याला सोडू नका.

इन्शुरन्सचं बघायलाच हवं. यूएसपीएच्या सदस्यत्वात दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर असतं, तुमच्या मोडलेल्या पायाचं नाही. आणि आपल्याकडच्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, ते बारीक अक्षरात शेवटच्या पानावर. अमेरिकेत घोट्याचं एक फ्रॅक्चर म्हणजे अख्ख्या कोर्सपेक्षा मोठं बिल होऊ शकतं, तेव्हा पॉलिसीत स्कायडायव्हिंग हा शब्द स्पष्ट लिहिलेला पाहिजे, एजंट तोंडी काय म्हणतो याला किंमत नाही.

शीतल महाजनांचं नाव या विषयात निघतंच. पुण्याच्या, २०११ च्या पद्मश्री, २०१८ मध्ये नऊवारी नेसून पट्टायाला उडी मारली ते फोटो सगळ्यांनी बघितलेत. त्यांची पहिलीच उडी १८ एप्रिल २००४ ला थेट उत्तर ध्रुवावर, २,४०० फुटांवरून, आधी सराव न करता. हे ऐकून "मग आपल्याला काय अवघड आहे" असं म्हणणारे भेटतात. बाबांनो, ती बातमी झाली कारण तसं कोणी करत नाही.

पैसे वाचवायचा एक खरा मार्ग म्हणजे जायच्या आधी विंड टनेल. हैदराबादला गंडीपेटच्या बाजूला इनडोअर स्कायडायव्हिंगचं टनेल आहे. खालून हवेचा झोत येतो, त्यावर पोटावर तरंगायचं, शेजारी कोच. दहा मिनिटं टनेलमध्ये घालवली की दहा-बारा उड्यांच्या फ्रीफॉलइतका वेळ होतो. पाय वाकडे का होतात, आपण आपोआप गोल का फिरतो, हे सगळं तिथे तीन मीटर उंचीवर कळतं. टँडमला गेलात तेव्हा शरीर नुसतं लटकवलं होतं, इथे ते स्वतः सांभाळावं लागतं. यातून एक रिपीट जरी वाचला तरी पुण्याहून हैदराबादचा जाण्यायेण्याचा खर्च निघतो.

लायसन्स घेऊन परत आल्यावर काय, हा प्रश्न जाण्याआधी विचारा. भारतात दर वीकेंडला जाऊन स्वतःची उडी मारता येईल असा ड्रॉपझोन घराजवळ नाही. साठ दिवसांची मर्यादा मी वर सांगितली. म्हणजे दरवर्षी एक खेप बाहेर, त्यात पहिली उडी रिफ्रेशरची, असं चालतं, आणि बरेच भारतीय असंच चालवतात. थायलंड त्यासाठीच बरं पडतं. वर्षाला एखाद-दीड लाख या छंदाला बाजूला काढता येणार नसतील तर टँडम आणि टनेलवर हौस भागवा, त्यात काही कमीपणा नाही.

बाकी बारीकसारीक: वय १८ पूर्ण, वजन बहुतेक ठिकाणी १०० किलोच्या आत, थोडं जास्त असेल तर काही ठिकाणी जादा पैसे घेतात, काही ठिकाणी नाहीच म्हणतात, खरं वजन सांगा कारण तिथे काट्यावर उभं करतात. खांदा कधी निखळला असेल तर आधी डॉक्टर, कारण उडताना हात सतत बाहेर ताणलेले असतात. चष्मा चालतो, वरून मोठा गॉगल देतात. आणि थायलंडला जाताय म्हणून त्याच ट्रिपमध्ये स्कूबा डायव्हिंगही उरकायचं असेल तर स्कूबा शेवटी ठेवा, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर २४ तास कुठल्याच विमानात चढू नका, परतीच्याही नाही.